बेंटोनियाचा कोमल गंधार

हेन्री स्टकी यांची एकही रेकॉर्ड सापडत नाही. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात याझू काउंटी आहे, तिच्यात बेंटोनिया नावाचं काहीशे वस्तीचं गाव आहे. त्या गावाच्या आसपास शेती करून स्टकींनी आयुष्य काढलं. जन्म १८९७चा, मृत्यू १९६६चा. शनिवारी रात्री कुठे नाच असला की गिटार घेऊन जायचं आणि सोमवारी पुन्हा शेतावर. त्यांच्याकडून शिकलेले स्किप जेम्स आज ब्लूजच्या प्रत्येक इतिहासात आहेत. त्याच वळणाचं वाजवणारे जॅक ओवेन्स जाणकारांना माहीत आहेत. लहानपणी शेजारी राहणाऱ्या स्टकींना ऐकलेले जिमी 'डक' होम्स यांना तर सत्तरी ओलांडल्यावर ग्रॅमीचं नामांकन मिळालं. एका गावाची स्वतंत्र शैली, पिढ्यान्‌पिढ्या चाललेली, आणि तिच्या उगमाशी जो माणूस आहे त्याचं वादन ऐकायची सोयच नाही.

आपल्याकडचा श्रोता ब्लूजमध्ये शिरतो तो बहुधा एरिक क्लॅप्टन, बी. बी. किंग किंवा बडी गाय यांचं बोट धरून. मुंबईत २०११पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला, बडी गाय स्वतः येऊन वाजवून गेले, तेव्हापासून ही मोठी नावं आणखी जवळची झाली. त्यात वावगं काही नाही. पण मोठी नावं ऐकता ऐकता बाकीच्यांविषयी काही समजुती नकळत डोक्यात घर करतात. ब्लूज ऐकणाऱ्यांच्या गप्पांमध्ये त्या नेहमी भेटतात, आणि बहुतेक चुकीच्या असतात.

गैरसमज : "हात एवढा चांगला होता, तर नाव का नाही झालं?"

हा सगळ्यांत चिवट. बाजाराला पारख असते, चांगलं ते आज ना उद्या वर येतंच, असा त्यामागचा हिशेब. तर ती पारख कोण करत होतं ते आधी बघू.

१९२०च्या दशकात काळ्या गिऱ्हाइकांसाठी अमेरिकी कंपन्या ज्या रेकॉर्ड काढत त्यांना 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत. त्यांतली एक मोठी कंपनी पॅरामाउंट. सिनेमावाली नव्हे, ही विस्कॉन्सिनमधली. तिची मालक होती खुर्च्या बनवणारी एक फर्निचर कंपनी. खुर्च्यांबरोबर फोनोग्राफची लाकडी कपाटं बनवायला लागली, मग कपाटं खपायची तर त्यावर वाजवायला काहीतरी हवं म्हणून रेकॉर्ड काढायला लागली. मिसिसिपीच्या डेल्टा भागातल्या थोर गिटारवादकांचं जे काही वादन आज ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं फर्निचर खपवायच्या खटपटीत टिकलेलं आहे.

दक्षिणेत कोण चांगलं वाजवतो हे अशा कंपन्यांना कळवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती. मिसिसिपीच्या जॅक्सन शहरात फॅरिश स्ट्रीटवर एच. सी. स्पीअर या गोऱ्या गृहस्थाचं रेकॉर्ड आणि वाद्यांचं दुकान होतं. चार्ली पॅटन, टॉमी जॉन्सन, स्किप जेम्स, रॉबर्ट जॉन्सन या सगळ्यांच्या पहिल्या रेकॉर्डिंगमागे कुठे ना कुठे स्पीअर आहेत. माणसाचा कान उत्तम होता यात शंका नाही. पण राज्यभरातल्या वादकांची भिस्त एका दुकानदाराच्या कानावर, हेही खरंच. ज्याला जॅक्सनचं भाडं जमलं नाही, ज्याची पिकं त्या आठवड्यात काढणीला आली होती, किंवा ज्याला रेकॉर्डची पर्वाच नव्हती, तो गेला नाही. आणि गेला नाही म्हणून पुस्तकातही आला नाही.

स्किप जेम्स १९३१ साली त्या दुकानात गेले. स्पीअरनी ऐकलं, पसंत केलं, आणि आगगाडीनं त्यांना विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला पाठवलं. तिथे ध्वनिमुद्रित झालेल्या अठरा बाजू आज ब्लूजमधला अमोल ठेवा मानल्या जातात. तेव्हा त्या कोणी घेतल्याच नाहीत. मंदीनं लोकांच्या खिशात पैसा उरला नव्हता. पुढच्याच वर्षी पॅरामाउंटनं रेकॉर्डिंग थांबवलं. जेम्स यांनी गिटारचा नाद सोडला आणि धर्मोपदेशक वडिलांच्या मागे चर्चच्या कामाला लागले. म्हणजे पुढे ज्यांना उत्तुंग मानलं गेलं, त्यांनाही १९३२च्या बाजारानं नापासच केलं होतं!

जॅक ओवेन्स स्पीअरच्या दुकानात गेलेच नाहीत. ते शेती करत, चोरून दारू गाळत, आणि आपल्या घरीच शनिवारी-रविवारी गिऱ्हाइकांना गाणं-नाच पुरवत. अशा ठिकाणांना तिकडे 'ज्यूक जॉइंट' म्हणतात. डेव्हिड इव्हान्स या तरुण अभ्यासकानं १९६६ साली त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग केलं, तेव्हा ओवेन्स साठी ओलांडून गेले होते. १९९३ साली त्यांना लोककलावंतांसाठीची राष्ट्रीय फेलोशिप मिळाली, १९९७ साली ते वारले. आता जेम्स आणि ओवेन्स यांची एकाच चालीवर बेतलेली गाणी लागोपाठ ऐका. जेम्स यांची तीन मिनिटांत संपतात, कारण ७८च्या रेकॉर्डच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. ओवेन्स यांना ती घाई नाही. त्यांचा अंगठा जास्त वजनदार पडतो, पाय जमिनीवर ठेका धरतो, आणि नाचणारे थांबेपर्यंत गाणं संपवायचं कारण नाही अशा बेतानं ते वाजवतात. माझ्या मते दोघांत डावं-उजवं करताच येत नाही. एक मैफिलीसारखं ऐकायचं वादन आहे, दुसरं नाचायचं. प्रसिद्धीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

मिसिसिपी जॉन हर्ट यांची गोष्ट तर अशी की कादंबरीत घातली तर वाचक म्हणेल, अतिच झालं. १९२८ साली ओके कंपनीसाठी त्यांनी काही गाणी केली. खपली नाहीत. हर्ट ॲव्हेलॉन या आपल्या खेड्यात परतले आणि पुढची पस्तीस वर्षं शेतमजुरी केली. त्यांच्या एका गाण्यात गावाचं नाव होतं. १९६३ साली टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणानं जुन्या नकाशात ते नाव शोधून काढलं आणि थेट गावात जाऊन विचारणा केली. हर्ट तिथेच होते. बोटंही तशीच होती, त्यांतली मऊ, उड्या मारणारी लय जराही गंजलेली नव्हती. गाण्यात गावाचं नाव घातलं नसतं तर? तर वादन तेवढंच चांगलं राहिलं असतं, फक्त आपल्याला त्याचा पत्ता लागला नसता.

गैरसमज : "एकदा रेकॉर्ड निघाली की माणूस तरला."

रेकॉर्डिंगचे ठरावीक पैसे हातावर ठेवले की कंपनीचा संबंध संपायचा. रॉयल्टी हा प्रकार बहुतेकांना ऐकूनही माहीत नव्हता.

टेक्सासचे ब्लाइंड विली जॉन्सन भक्तिगीतं गात, पण 'स्लाइड' तारेवरून सरकवत ते जी गिटार वाजवत तिच्यापुढे ब्लूजचे भलेभले हात टेकतात. १९२७च्या डिसेंबरात डॅलसमध्ये त्यांनी एक शब्दहीन तुकडा वाजवला: नुसता गुणगुणणारा आवाज आणि त्याच्या मागोमाग जाणारी तार. १९४५ साली टेक्सासमधल्या बोमाँटला त्यांचं घर जळालं. पत्नीनं पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार जाण्यासारखं ठिकाण नव्हतं म्हणून ते त्याच जळक्या घरात ओल्या अंथरुणावर राहिले आणि तापानं गेले. त्यांची कबर नेमकी कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. १९७७ साली 'नासा'नं व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या संगीताची सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यात तो तुकडा आहे. त्याच तबकडीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, रेकॉर्डिंगपासून शक्यतो लांबच राहिलेल्या. पण त्यांना 'सूरश्री' म्हणणारा, त्यांच्यासाठी आदरानं सरसावून बसणारा रसिकवर्ग त्यांच्या हयातीतच होता, पद्मभूषण होतं. जॉन्सन यांच्या वाट्याला रस्त्याच्या कोपऱ्यावरची श्रोतेमंडळी आणि चर्च. आता दोघांचे सूर एकाच यानातून आंतरतारकीय अवकाशात गेले आहेत.

फ्रेड मॅकडॉवेल यांचं एक गाणं रोलिंग स्टोन्सनी १९७१च्या अल्बममध्ये घेतलं. जगभर गेलं. मॅकडॉवेल पुढच्याच वर्षी वारले आणि त्यांच्या थडग्यावरच्या दगडावर नावच चुकीचं कोरलं गेलं. वीसेक वर्षांनी गायिका-गिटारवादक बॉनी रेट यांच्या मदतीनं नवा दगड बसला. रेट यांनी मॅकडॉवेल यांच्याकडूनच स्लाइडचे धडे घेतले होते, त्यामुळे ती गुरुदक्षिणाच म्हणायची.

गैरसमज : "ही देणगी असते, असं वाजवणं शिकून येत नाही."

इथे चौरस्त्याची दंतकथा हमखास येते. रॉबर्ट जॉन्सन यांनी मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटार मिळवली. आपल्याकडे वेताळ आणि अमावास्या असल्यामुळे ही गोष्ट लगेच पटते. पण ही हकिगत आधी सांगितली जात होती ती दुसऱ्याच जॉन्सन यांची. टॉमी जॉन्सन यांच्या भावानं ती सांगितली, आणि नोंदवून घेणारे पुन्हा आपले डेव्हिड इव्हान्सच. पुढे आडनाव एक असल्यामुळे ती रॉबर्टच्या नावावर जमा झाली. ते २७व्या वर्षी, १९३८ साली गूढ रीतीनं वारले, त्यामुळे शोभलीही.

खरं काय घडलं ते जास्त रंजक आहे. रॉबर्ट जॉन्सन पोरवयात वाईट वाजवायचे, मोठे वादक त्यांना हुसकावून लावायचे, हे त्या मोठ्यांतल्याच सन हाउस यांनी सांगून ठेवलं आहे. मग जॉन्सन आपल्या जन्मगावाकडे, हेझलहर्स्टच्या बाजूला गेले. जवळच्या बोरिगार्ड गावी आइक झिमरमन नावाचे गिटारवादक राहत. जॉन्सन त्यांच्या घरीच राहिले आणि शिकले. दोघं रात्री गावच्या कबरस्तानात जाऊन थडग्यांवर बसून वाजवत, कारण तिथे कोणाची झोपमोड होत नसे. ही माहिती झिमरमन यांच्या मुलीनं अभ्यासकांना दिली. जॉन्सन परत आले तेव्हा हाउस चाट पडले.

सैतानाच्या गोष्टीनं नुकसान कोणाचं केलं? झिमरमन यांचं. त्यांची रेकॉर्ड नाही, त्यामुळे त्यांची आठवण फक्त शिष्याच्या बोटांतून राहणार होती, आणि तिथेही त्यांच्या जागी सैतान बसला. रात्र रात्र केलेला रियाझ आणि शिकवणारा एक साधा माणूस, एवढं मान्य करायला लोकांना जड का जातं कोण जाणे. देणगी म्हटलं की आपल्याला न जमण्याची सोय होते, हे एक कारण असावं.

गैरसमज : "ब्लूज काय, तीन कॉर्ड आणि बारा बार. एक आला की सगळे आले."

ठरावीक बारा बारचा साचा आहे, तो सोपाही आहे, आणि शिकवणीच्या पहिल्या महिन्यात येतो. पण गावोगावचे वादक त्या साच्यात बसतात ही समजूत पुस्तकी. कसं ते बेंटोनियाच्या गिटारवरच बघू.

नेहमीची गिटार ज्या सुरांत लावतात त्या सुरांत बेंटोनियावाले लावत नाहीत. त्यांच्या सहा तारा, जाडीकडून बारीककडे, आपल्या सरगमीत सांगायच्या तर अशा: सा, प, सा, कोमल ग, प, सा. बोट न लावता सगळ्या तारा छेडल्या तरी एक उदास, अधांतरी स्वरसमूह वाजतो. खालच्या सा-प-सा वर अंगठा सतत फिरत असतो, आणि तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला तो आधार पटकन ओळखीचा वाटतो. खरी गंमत तिसऱ्या तारेवर आहे. ती मोकळी वाजली तर कोमल गंधार. तिच्या पहिल्याच घरात बोट ठेवलं तर शुद्ध गंधार. वादक मोकळी तार छेडून लगेच त्या घरात बोट आदळतो, कधी पूर्ण, कधी अर्धवट दाबून, आणि गंधार ना धड कोमल ना धड शुद्ध असा मध्येच लटकतो. ब्लूजचा जीव ज्या जागेत आहे ती हीच. इतर ठिकाणचे वादक ती तार ओढून, मींड घेऊन गाठतात. बेंटोनियाच्या गिटारीत ती जुळणीतच आधीपासून असते.

ही जुळणी आली कुठून? पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असताना काही काळ्या, बहुधा कॅरिबियन बेटांवरच्या, सैनिकांकडून आपण ती उचलली, असं स्टकी सांगत. म्हणजे मिसिसिपीतल्या एका खेड्याची खास ओळख समजली जाणारी गोष्ट युरोपातल्या युद्धभूमीवरून आलेली असू शकते. 'अस्सल मातीतलं' वगैरे शब्द वापरणाऱ्यांनी थोडं थबकावं.

उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांकडे वळलं की बारा बारचा पत्ताच नसतो. ज्युनियर किम्ब्रो किंवा आर. एल. बर्नसाइड यांचं गाणं एकाच कॉर्डवर दहा-दहा मिनिटं राहतं. गिटारची ओळ गाण्याच्या सुराला चिकटून चालते, बदल होतो तो ठेक्याच्या वजनात. स्वर मोजायची सवय असलेल्याला ते कंटाळवाणं वाटू शकतं, पहिल्या मिनिटात. तिसऱ्या मिनिटाला पाय हलू लागतो. किम्ब्रो यांचा पहिला पूर्ण अल्बम १९९२चा, तेव्हा ते साठी ओलांडलेले. तोवर ज्यूक जॉइंटमध्ये शेजारपाजारच्या लोकांनी त्यांना कित्येक वर्षं ऐकलं होतं.

गैरसमज : "ब्लूज म्हणजे रडगाणं."

नाचाचं संगीत आहे हो. दिवसभर कापूस वेचून आलेली माणसं पैसे देऊन रडायला कशाला जातील? शब्दांत दुःख असतं तसे टोमणे असतात, चावटपणा तर भरपूर असतो. स्किप जेम्स यांचं वादन काळजाला घरं पाडतं हे खरं, पण एका वादकावरून अख्ख्या संगीताचा स्वभाव ठरवू नये.

गैरसमज : "गिटार हे पुरुषांचं काम. बायका ब्लूज गात."

शिकागोत मेम्फिस मिनी इलेक्ट्रिक गिटार वाजवत होत्या, तेही १९४२ साली. त्या वर्षअखेरीच्या रात्री एका क्लबात कवी लँगस्टन ह्यूज यांनी त्यांना ऐकलं आणि 'शिकागो डिफेंडर'मध्ये त्यावर लिहिलं. बर्फपेटीवर बसून वाजवणाऱ्या बाईचं त्यांनी केलेलं वर्णन वाचलं की ब्लूजमधली इलेक्ट्रिक गिटार फक्त पुरुषांपासून मोजणाऱ्यांची कीव येते. मिनी निदान आपल्या काळात नावाजलेल्या होत्या. पुढच्या दोघी तशा नव्हत्या.

एलिझाबेथ कॉटन नॉर्थ कॅरोलायनाच्या. डावखुऱ्या. उजव्या हाताची गिटार तारा न बदलता तशीच उलटी धरत. त्यामुळे सगळ्या जगाचा अंगठा जाड तारांवर असतो तिथे त्यांची बोटं खर्ज वाजवत आणि अंगठा चाल. एकदा त्या उलट्या हाताकडे नीट बघा, मग नुसतं ऐकतानाही तो ओळखू येतो. तरुणपणी चर्चच्या मंडळींच्या सांगण्यावरून गिटार सुटली ती काही दशकं. मग वॉशिंग्टनमध्ये एका दुकानात काम करताना हरवलेली एक लहान मुलगी त्यांनी आईकडे पोचवली. ती पेगी सीगर. सीगर कुटुंब लोकसंगीताचं माहेरघर. कॉटन त्यांच्याकडे घरकामाला लागल्या आणि एके दिवशी भिंतीवरची गिटार त्यांनी हातात घेतली. पहिला अल्बम १९५८चा, तेव्हा साठी उलटलेली. ग्रॅमी मिळालं ते नव्वदीच्या आसपास. यातला योगायोग सोडून द्या. घरात धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या हातात असलं काही असेल अशी शंकासुद्धा कोणाला येत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं.

एटा बेकर याही नॉर्थ कॅरोलायनाच्या, कापडगिरणीतल्या कामगार. १९५६ साली एका लोकसंगीताच्या अल्बमवर त्यांची काही वादनं आली आणि साठच्या दशकात शहरी तरुण ती ऐकून ऐकून शिकले. बेकर मात्र गिरणीतच. साठीच्या आसपास गिरणी सोडली आणि मग कुठे कार्यक्रम करू लागल्या. तिकडच्या पीडमाँट शैलीतली ती दोन बोटांची स्वच्छ, न अडखळणारी चाल अजूनही नव्या वादकांना घाम फोडते.

गैरसमज : "साथीला वाजवणारा तो दुय्यम."

हाउलिन वुल्फ यांची गाणी ह्युबर्ट समलिन यांच्या गिटारशिवाय वाजवून बघा, काय उरतं ते. वुल्फनी त्यांना प्लेक्ट्रम टाकून नुसत्या बोटांनी वाजवायला लावलं आणि तिथून तो तुटक, अनपेक्षित जागी येणारा नाद तयार झाला. वुल्फचं नाव घरोघर, समलिन फक्त वादकांना माहीत. २०११ साली ते गेले तेव्हा अंत्यविधीचा खर्च मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी उचलला. आणखी लिहायची गरज नाही.

गैरसमज : "संग्राहकांनी शोधलं नसतं, तर हे कलावंत कायमचे हरवले असते."

अर्धं खरं म्हणून जास्त फसवं. १९६४च्या उन्हाळ्यात जॉन फेही, बिल बार्थ आणि हेन्री व्हेस्टाइन या तीन तरुण गोऱ्या गिटारवादकांनी स्किप जेम्स यांना ट्युनिकाच्या हॉस्पिटलमध्ये गाठलं. तो उन्हाळा मिसिसिपीत मतदार नोंदणीच्या मोहिमेचा आणि खुनांचा होता. बाहेरून आलेल्या गोऱ्या पोरांनी काळ्या वस्त्यांत फिरणं धोक्याचं होतं. त्यांची ही धडपड नाकारता येणार नाही. इव्हान्स बेंटोनियाला गेले नसते तर ओवेन्स आपल्या कानांपर्यंत आले नसते. पण ओवेन्स हरवलेले कधीच नव्हते. बेंटोनियात कोणालाही विचारलं तर घर दाखवलं असतं. लोकसंगीत ध्वनिमुद्रित करत फिरणारे ॲलन लोमॅक्स १९५९ साली मिसिसिपीतल्या कोमो गावी पोचले तेव्हा फ्रेड मॅकडॉवेल दिवसभराचं शेतकाम आटोपून गिटार घेऊन आले, कारण शेजाऱ्यांना माहीत होतं कोणाला बोलवायचं.

शिवाय कलावंतांनी काय आणि कसं वाजवायचं तेही संग्राहकांना आणि श्रोत्यांना काय हवं होतं त्यावरून ठरत गेलं. बिग बिल ब्रून्झी शिकागोत बँडबरोबर वाजवणारे पक्के शहरी कलावंत. १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या श्रोत्यांपुढे ते साधी लाकडी गिटार घेतलेले खेडूत म्हणून उभे राहिले, कारण श्रोत्यांना खेडूत हवा होता. मॅकडॉवेल यांनी पुढे इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली, तर काही शुद्धतावादी हिरमुसले. ज्यूक जॉइंटच्या गोंगाटात लाकडी गिटार ऐकू कशी येणार याचा विचार दिवाणखान्यात बसून होत नाही.

पैशांचं म्हणाल तर एक गोष्ट बरी झाली. क्रीम या ब्रिटिश बँडनं १९६६ साली स्किप जेम्स यांचं गाणं घेतलं आणि त्याची रॉयल्टी जेम्स यांना मिळाली. कर्करोगाच्या उपचारात ती उपयोगी पडली. १९६९ साली ते गेले.

गैरसमज : "गावातच राहिला म्हणजे कमी पडला."

वॉशिंग्टनच्या परिसरातले डॅनी गॅटन यांना 'जगातला सर्वोत्तम अज्ञात गिटारवादक' अशी बिरुदावली मिळाली होती. ब्लूज, जॅझ, कंट्री सगळं एका दमात वाजवणारा हा माणूस. दौऱ्यांवर जायला फारसा राजी नसे, घर आणि जुन्या मोटारी दुरुस्त करायचा छंद त्यांना जास्त प्रिय. त्याआधी रॉय ब्युकॅनन यांच्यावर १९७१ साली टीव्हीवर माहितीपट झाला, त्यालाही लोक असल्याच नावानं ओळखतात. 'अज्ञात' हीच जाहिरात. अज्ञात कोणाला, एवढं विचारलं की या बिरुदांतली हवा जाते. त्या शहरातल्या क्लबांत दर आठवड्याला येणाऱ्या लोकांना ते चांगलेच ज्ञात होते. सगळ्यांनाच दौरे हवे असतात असं गृहीत धरणं हा आपला शहरी खाक्या.

गैरसमज : "ते जुने लोक गेले, आता काय उरलंय?"

बेंटोनियात 'ब्लू फ्रंट कॅफे' १९४८ साली सुरू झालं. डक होम्स यांच्या आईवडिलांनी काढलं, १९७०पासून ते स्वतः बघू लागले. शेतमजुरांना जेवण, बिअर, केस कापणं, आणि कोणी गिटार घेऊन बसलं तर गाणं, असा सगळा संसार. होम्स बघून-ऐकून शिकले, मुख्यतः ओवेन्स यांच्याकडून. ओवेन्सना सुरांची नावं सांगायची पद्धत ठाऊक नव्हती, तेव्हा हाताकडे बघायचं आणि कान उघडे ठेवायचे. १९७२पासून गावात ब्लूज महोत्सवही होतो. २०१९ साली ब्लॅक कीज बँडच्या डॅन आवरबाख यांनी होम्स यांचा 'सायप्रस ग्रोव्ह' हा अल्बम काढला आणि त्यालाच ते ग्रॅमी नामांकन होतं. आवरबाख नसते तरी कॅफे चालूच होतं.

डेल्टातही असंच. क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये पोरांना वाद्यं शिकवायचा उपक्रम आहे, तिथून निघालेला क्रिस्टोन 'किंगफिश' इंग्राम हा १९९९ साली जन्मलेला मुलगा आज जगभर वाजवतो. त्याच्याबरोबर त्याच वर्गात बसलेले, आणि आज आपापल्या गावच्या बारमध्ये शुक्रवारी वाजवणारे इतरही असणारच.

ऐकायचं कुठून, असं कोणी विचारलं तर मी जेम्स यांची १९३१ची आणि ओवेन्स यांची १९७०च्या सुमाराची सैतानाच्या नावाची गाणी लागोपाठ लावायला सांगेन, मग होम्स यांची. अंगठ्याकडे लक्ष ठेवा, गळ्याकडे नंतर. कान तयार झाला की तोच इकडे वापरता येतो. शिलाँगचा 'सोलमेट' बँड मेम्फिसच्या स्पर्धेत जाऊन आला आहे. मुंबईचे वॉरन मेंडोन्सा 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावानं २००७पासून अल्बम काढत आहेत, त्यांची एक एक तार सावकाश बोलते. महिंद्रा ब्लूज महोत्सव देशातल्या नव्या बँडसाठी स्पर्धा घेतो आणि त्यांना मंचावर जागाही देतो. असे कार्यक्रम संध्याकाळी लवकर, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असताना होतात, आणि मंडळी परदेशी पाहुण्यांच्या वेळेच्या हिशेबानं घरून निघतात. तिकीट तर पूर्ण संध्याकाळचं घेतलेलं असतं. तेव्हा तासभर आधी निघावं, आणि बाहेर टेबलावर सीडी विकायला ठेवली असेल तर ती फोनवर फुकट मिळेल का, असं त्या वादकालाच विचारू नये.